आक्कांचा वाटा

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी निपाणीला गेलो होतो. बसमधून उतरलो आणि स्टँडसमोरच्या चौकात इंदूआक्का दिसल्या. म्हणजे फ्लेक्सवर दिसल्या. वर 'प्रथम पुण्यस्मरण', मधे आक्का एका लांबलचक पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या, आणि खाली हात जोडून उभे असलेले दोन पुतणे. पुतण्यांचे चेहरे आक्कांच्या चेहऱ्यापेक्षा मोठे. 'आमच्या लाडक्या आत्यांस विनम्र अभिवादन.' मी तिथंच उभा राहून दोन शिव्या दिल्या, चांगल्या मोठ्यानं. शेजारचा रसवंतीवाला माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा निमूट लग्नाच्या कार्यालयाची वाट धरली.

त्या फोटोतला आक्कांचा चेहरा मात्र खरा होता. जेवणात खडा लागल्यासारखा. फ्लेक्स छापणाऱ्यानं तो गोरा केला होता, पण आंबटपणा काही त्याला पुसता आला नव्हता.

आक्का आणि मी बेळगावात एकाच शाळेत होतो. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. राहायलाही खासबागेत एकाच गल्लीत. मुलं त्यांना वर्गात टरकून असत आणि आम्ही स्टाफरूममध्ये. अंगावर इरकली साडी, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं असं की समोरच्यानं चहाचा कप खाली ठेवावा. नव्यानं लागलेल्या एका सरांनी एकदा लाडात येऊन विचारलं, "मॅडम, तुम्ही लग्न का नाही केलं?" आक्का वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "तुमच्या बायकोला विचारा, तिनं का केलं. तिला उत्तर सापडलं की माझ्याकडं या." ते सर पुढं बदली होईपर्यंत आक्कांच्या समोरच्या खुर्चीत बसले नाहीत.

आणि आक्कांकडे गाडी होती. गल्ली तिला 'अमेरिकन' म्हणायची. आक्का तिला 'वाटा' म्हणायच्या. "आज वाट्याला पाणी मारायचंय." "वाट्याचं तेल बदलायला झालंय." नव्या माणसाला हे कळायचं नाही, आणि कळल्यावर हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही. मी पहिल्यांदा हसलो होतो. नंतर कधी हसलो नाही.

आक्कांचे वडील, आप्पा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. संस्थान गेलेल्या कुठल्याशा राजघराण्याकडून त्यांनी ती गाडी घेतली, तेव्हा आक्का कॉलेजात होत्या. शेवाळी रंगाची, अमेरिकेतल्या श्रीमंतांसाठी बनवलेली, आणि लांब इतकी की वखारीच्या फाटकातून ती आत यायला लागली की आधी बराच वेळ नुसतं बोनेटच येत राहायचं. मागं दोन्ही बाजूंना माशाच्या शेपटीसारखे वर उचललेले पंख. पुढच्या बंपरवर चकचकीत धातूचे दोन मोठे टोकदार गोळे. त्या गोळ्यांकडे बघून कॉलेजची पोरं हसायची आणि आक्का त्यांना बोलावून हसण्याचं कारण विचारायच्या. कारण सांगायची छाती एकाचीही झाली नाही.

आत तर सगळा बटणांचा कारभार. एका बटणानं काचा खाली-वर व्हायच्या. एका बटणानं अख्खं पुढचं सीट सरकायचं. रेडिओची पट्टी दाबली की काटा आपणहून फिरायचा आणि धारवाड नाहीतर सांगली सापडली की थांबायचा. स्टिअरिंग डाव्या हाताला. क्लच नावाची वस्तूच नाही. बोनेटच्या टोकावर पंख पसरून पुढं झेपावलेली एक धातूची बाई. आक्कांच्या वडिलांनी या सगळ्यात स्वतःची एकच भर घातली, ती म्हणजे मागच्या काचांना पडदे. घरच्या बायकांनी मागं बसायचं आणि पडदे ओढून घ्यायचे. "आमच्या घरातनं पुढं बसलेली बाई एकच," आक्का बोनेटकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आणि ती बी कायम उन्हात."

त्यांना स्वतःला गाडी शिकवली गेली ती काही लाडापोटी नाही. थोरल्या भावाला, भाऊसाहेबांना, ती जमेना म्हणून. भाऊसाहेब जीप चालवणारे. त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि या गाडीच्या भल्यामोठ्या ब्रेकवर आदळायचा. एकदा मागं आई, काकी, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचं पातेलं घेऊन निघाले होते. भाऊसाहेबांनी गियर बदलायच्या बेतानं डावा पाय दाबला आणि दोन्ही बायका पडद्यासकट पुढच्या सीटवर आल्या. प्रसाद तर काचेवर. वडिलांनी त्याच संध्याकाळी किल्ली इंदूच्या हातात ठेवली. तिला जीप येत नव्हती, त्यामुळं तिच्या डाव्या पायाला कसलीच सवय नव्हती.

"डावा पाय घरी ठेवून यायचं," हे आक्कांचं आवडतं वाक्य तिथलं. वर्गात गणित सोडवताना कुणी मधेच नको तो आकडा घुसडला की फळ्याकडून न वळताच त्या म्हणायच्या, "डावा पाय घरी ठेव रं." मुलांना वाटायचं ही गणितातलीच काही तरी रीत आहे.

वडील गेले आणि काही महिन्यांनी आक्कांना निपाणीला बोलावणं आलं, हक्कसोड करायला. आमच्या भागात हे फार सभ्यपणानं होतं. बहिणीनं रजिस्ट्रारसमोर सही करून आपला हक्क सोडायचा, भावांनी तिला साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून बहिणीनंच डोळे पुसायचे. याला चांगलं वळण म्हणतात. ज्या बहिणी सही करत नाहीत त्यांना काय म्हणतात ते इथं लिहिता येणार नाही. वखार, दोन घरं, रान, सगळं भावांचं झालं. आक्कांनी सही केली. वहिनीनं साडी पुढं केली तेव्हा त्या म्हणाल्या, "साडी नको. गाडी द्या."

भाऊसाहेब म्हणाले, "घे की. न्हायतरी तिला चालवणार कोण?"

हा प्रसंग आक्का दर वेळी तसाच सांगायच्या. "दादा हसला. त्याला वाटलं, हत्ती गेला दारातनं. आणि मला वाटलं, मला वाटा मिळाला. दोघं बी खुशीत होतो मास्तर." साडी तिथल्याच बाकावर ठेवून त्या निघाल्या, तवंदीचा घाट ओलांडून थेट खासबागेत आल्या. गल्लीतल्या वळणावर पुढंमागं करता करता एका घराच्या कट्ट्याचा कोपरा उडाला. मी तेव्हा दारात उभा होतो. एवढ्या मोठ्या गाडीतून उतरलेली ही किरकोळ बाई कट्टा बघत, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं पुरुषी 'देतो' लावून म्हणाली, "बांधून देतो उद्या." आणि दुसऱ्या दिवशी गवंडी आणून खरंच बांधून दिला.

शेड बांधला तोही तोकडा पडला. गाडीचे मागचे पंख बाहेरच राहायचे, त्यांच्यावर ताडपत्री. शिक्षिकेच्या पगारात ही गाडी पोसणं हा वेडेपणा आहे हे आक्कांना गणिताच्या बाईइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पण रविवारी संध्याकाळी गाडी निघायचीच, सांबऱ्याच्या रस्त्याला, विमानतळापर्यंत आणि परत. पुष्कळदा मी शेजारी असायचो. या गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटा डोळा होता. अंधार पडल्यावर समोरून वाहन आलं की तो ते ओळखायचा आणि आपले दिवे आपोआप मंद करायचा. त्या काळात लोक हे बघायला थांबायचे. समोरचे ट्रकवाले मात्र डोळ्यांवर झोत टाकत बिनदिक्कत जायचे. "बघा," आक्का म्हणायच्या, "आपलीच तेवढी खाली बघती. चांगल्या घरची हाय." त्यात गंमत किती आणि विष किती, हे त्यांच्या शेजारी बसूनही मला नीट सांगता यायचं नाही.

एकदा भाऊसाहेबांनी एका पाहुण्याच्या वरातीसाठी गाडी मागितली. आक्कांनी दिली. मला नवल वाटलं. दुपारी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतला फोन वाजला. गाडी निपाणीच्या पंपावर उभी होती, पेट्रोल संपत आलं होतं, आणि पेट्रोल घालायचं भोक कुणाला सापडत नव्हतं. पंपावरची माणसं, ड्रायव्हर, नवरदेवाचे मामा, सगळे गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. वडील असताना पेट्रोल भरणं हे काम आक्कांचं, त्यामुळं भाऊसाहेबांनी ते कधी बघितलंच नव्हतं.

आक्का फोनवर भाऊसाहेबांना म्हणाल्या, "सांगतो. आधी म्हण, गाडी इंदूची हाय."

पलीकडं बराच वेळ काही तरी चाललं. मुख्याध्यापक छताकडे बघत होते.

"मोठ्यानं म्हण. पंपावरच्यांना ऐकू जाऊ दे."

मग त्या हसल्या. एरवी त्यांचं हसणं नाकातून यायचं, ते त्या दिवशी गळ्यातून आलं. "मागचा डावा लाल दिवा हाय न्हवं, त्याच्या खालची गोल काच दाब. अख्खा दिवा वर उचलतोय. त्याच्या खाली हाय झाकण." फोन ठेवला आणि तासाला निघून गेल्या.

मी संध्याकाळी म्हटलं, "आक्का, गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे. एकदा आरटीओत जाऊन नाव लावून घ्या." त्या म्हणाल्या, "दादानं पंपावर म्हटलंय की." सगळ्या गावाला हिशेब शिकवणारी बाई इथं मात्र भावाच्या शब्दावर विसंबून राहिली. मला त्यांचा राग येतो तो इथं.

पावसाळ्यात गाडी शेडमधून हलायची नाही. पहिला पाऊस पडायच्या आत आक्का निपाणीहून तंबाखूच्या देठांची पोती आणायच्या. सीटखाली, डिकीत, पायाखालच्या जाड गालिच्याच्या खाली, सगळीकडे देठ पसरायच्या. तंबाखूच्या वासाला उंदीर येत नाही, कसर लागत नाही. निपाणीच्या घराघरांत लोकरीचे कपडे असेच ठेवतात. शेजारच्या कुठल्याही गाडीच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या, आक्कांच्या एका वायरीलाही कधी दात लागला नाही. दसऱ्याला गाडीला हार घालून बाहेर काढली की आत बसणारा प्रत्येक जण पहिल्यांदा शिंकायचा. ती शिंक आक्कांना पूजेचाच भाग वाटायची.

आक्का निवृत्त झाल्या, भाऊसाहेब गेले, मीही निवृत्त झालो. रविवारची फेरी बंद पडली, कारण आक्कांचे गुडघे गेले. तरी दर रविवारी त्या शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगवर बसायच्या आणि इंजिन चालू करून ठेवायच्या. मग एकाएकी जुन्या गाड्यांना दिवस आले. त्यांचे मेळावे भरायला लागले, त्यांच्यासोबत फोटो काढायला लोक येऊ लागले. आणि भाऊसाहेबांचा थोरला मुलगा विक्रांत, जो आत्याकडं दिवाळीलाही फिरकला नव्हता, तो पेढे घेऊन खासबागेत आला. सोबत कोल्हापूरचा मेस्त्री.

"आत्या, आजोबांची आठवण हाय. नीट करू या की तिला. खर्च माझा."

मेस्त्रीनं ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलला. खाली पत्रा नव्हता. म्हणजे होता, पण बोट लावलं की पापडासारखा मोडत होता. त्यानं दुसरीकडचा उचलला, तिथून तर खालची जमीनच दिसली. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. मेस्त्री काही बोलायच्या आत आक्कांनी खाली पडलेले देठ मुठीत घेतले आणि दाबले. मूठ उघडली तर तळहात ओला.

"पाणी ओढतोय हा तंबाखू," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात वखारीतला माल वजनाला वाढायचा. आप्पा त्याच्यावरच तर मोठे झाले. मला ठाऊक होतं की सगळं."

विक्रांत हसला. अगदी बापासारखा. "तंबाखूवाल्याची लेक, आणि तुम्हीच इसरलासा व्हय आत्या?"

उंदरापासून, कसरीपासून, भावांपासून जपलेली वस्तू आपल्याच हातानं तळातून कुजवली, हे आक्का उभ्या जागी पचवत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या आलं नाही. "दुरुस्त करून परत इथंच आणून लावायची," एवढंच त्या म्हणाल्या. विक्रांत म्हणाला, "म्हणजे काय आत्या." ट्रेलरवर चढवून गाडी नेली तेव्हा मागचे पंख गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होते. आक्का वळून आत गेल्या आणि शेडचं दार ओढून घेतलं.

वर्षभरानं बेळगावात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला, त्याचं आमंत्रण आलं. आम्ही दोघं रिक्षानं गेलो. शेवाळी रंग जाऊन गाडी पांढरीफेक झाली होती. मागचे पडदे काढून टाकले होते. पुढं पाटी, आजोबांचं नाव, दोन्ही नातवांची नावं, आणि 'तीन पिढ्यांनी जपलेला वारसा'. आक्कांनी ती पाटी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. स्वतःचं नाव कुठं राहून गेलंय का ते बघत होत्या, असं मला वाटलं. तेवढ्यात विक्रांत आला, चारचौघांत वाकून पाया पडला, आणि म्हणाला, "आत्या, बसा की आत. फोटो काढू." त्यानं मागचं दार उघडलं. लोक बघत होते, सगळे आजी आजी करत होते, आणि ही कुणालाही न बधणारी बाई त्या गर्दीत गोंधळली आणि मागं बसली. फ्लेक्सवर आहे तो हाच फोटो.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "मागनं काय दिसत न्हाय मास्तर. पुढच्याचं डोस्कं तेवढं दिसतंय."

गाडी परत आली नाही. आक्कांनी फोन केला, मीही शेजारी होतो. विक्रांतचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. "तुमच्या शेडात पुन्हा गंजंल की आत्या. आणि आजोबांची गाडी ती. सगळ्यांचीच हाय न्हवं? कागदावर बी तसंच हाय." आक्कांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. चहा नको म्हणाल्या. "गाडी दारात होती तवर मी गप्प होतो. माझा वाटा मला मिळालाय, असं रोज उठून बघत होतो. आता दारात काय न्हाय. म्हणजे मला कवाच काय मिळालं नव्हतं. वकील बघा एखादा."

वकिलानं सरळ सांगितलं, हक्कसोड होऊन इतकी वर्षं झाली, आता काही हाती लागणार नाही. आक्कांनी तरी निपाणीच्या कोर्टात दावा लावला. गाडीवर नाही. वखार, घरं, रान, सगळ्यावर. गाव हसलं. भाऊबंद म्हणाले, म्हातारीला चळ लागला. मी एकदा भीत भीत विचारलं, हे कशाला आता? तर म्हणाल्या, "हरणार हाय, ठाऊक हाय मला. पण दर तारखेला त्या दोघांना यावं लागतंय का न्हाय? भिंतीला टेकून उभं राहावं लागतंय. माझं नाव ऐकावं लागतंय."

तारखा पडत गेल्या आणि मधल्याच कुठल्या तरी तारखेआधी आक्का झोपेत गेल्या. दावा तिथंच संपला. पुतण्यांनी तेरावं थाटात केलं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात. मी त्यांच्यासोबत बसनं गेलो होतो. त्या बाकावर बसल्या होत्या, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. विक्रांत आला आणि बाकाशेजारी उकिडवा बसला. निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं आणि हे प्रकरण त्याला जड जाऊ लागलं होतं.

"आत्या, गाडी देतो परत. खरंच देतो. उद्या तुमच्या शेडात आणून लावतो, कागद तुमच्या नावावर करतो. तेवढी केस मागं घ्या."

ज्या गाडीसाठी त्यांनी पगार घातला, गुडघे घातले, सगळं आयुष्य घातलं, ती दारात येऊन उभी राहणार होती. मला वाटलं, आता या हो म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटलं.

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. "तळ नवा घातलास?"

"सगळा नवा आत्या. पाच पन्नास वर्षं बघायला नको."

"मग ठेव तुलाच. मला वखार दाखव. माझ्या वाटणीची भिंत कुठनं कुठवर येती, तेवढं सांग."

तेवढ्यात शिपायानं दारात येऊन पुकारा केला. आधी आक्कांचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, सगळं कानडी हेल काढून, व्हरांडाभर ऐकू जाईल असं. आक्का बाकाला धरून उठल्या. मी हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. पदर खोचला आणि आत गेल्या. विक्रांत गुडघे झाडत उठला आणि त्यांच्या मागोमाग गेला.